रोटर विमानांतील उत्थापनवृद्धी व भारघट

हेलिकॉप्टर, ऑटोजायरो (ज्याची पाती एंजिनाऐवजी वाऱ्याने फिरतात असे विमान) इ. फिरत्या पात्यांवर तोलल्या जाणाऱ्या विमानांच्या अभिकल्पातील दोन परस्परावलंबी उद्दिष्टे : उपलब्ध शक्तीतून अधिकाधिक उत्थापक बल मिळविणे आणि यंत्राचे स्वतःचे वजन कमी ठेवणे. हेलिकॉप्टरला जागच्या जागी तरंगतानाही सगळे उत्थापन एंजिनाच्या जोरावर मिळवावे लागते, त्यामुळे जादा वजनाचा भुर्दंड त्याला स्थिरपंखी विमानापेक्षा जास्त बसतो.

विल्यम रँकिन (1865) व रॉबर्ट फ्रूड (1889) यांनी जहाजांच्या पंख्यांसाठी विकसित केलेला संवेग सिद्धांत रोटरलाही (फिरत्या पात्यांच्या संचालाही) लागू पडतो. त्यानुसार तरंगण्यास लागणारी आदर्श शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताच्या सम प्रमाणात व रोटरच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वजन 10 टक्के घटले, तर ही शक्ती सुमारे 15 टक्के घटते. थोड्या हवेला जोराने खाली ढकलण्यापेक्षा पुष्कळ हवेला सावकाश ढकलणे स्वस्त पडते, असाही याचा अर्थ होतो. पात्यांनी व्यापलेल्या वर्तुळावर दर चौ. मी.ला येणारा भार लहान दोन-आसनी हेलिकॉप्टरात साधारण 13 किग्रॅ. असतो. 32 मी. व्यासाचा आठ पात्यांचा रोटर व 56 टनांपर्यंत उड्डाणभार असलेल्या मिल एमआय-26 मध्ये तो सुमारे 70 किग्रॅ. होतो. आदर्श शक्तीचे प्रत्यक्ष शक्तीशी गुणोत्तर चांगल्या आधुनिक रोटरमध्ये 0.7 ते 0.8 असते.

माणसासह पहिले उड्डाण कोणाचे, याविषयी एकमत नाही. ब्रेगे बंधू व शार्ल रिशे यांचे चार रोटरांचे यंत्र 1907 मध्ये फ्रान्समधील दुए येथे जमिनीपासून उचलले गेले. त्याची तारीख कोठे 24 ऑगस्ट, तर कोठे 29 सप्टेंबर अशी आढळते. ते स्थिर राहावे म्हणून चार माणसांनी धरून ठेवले होते, त्यामुळे त्याला मुक्त उड्डाण म्हणत नाहीत. जुन्या ग्रंथांत हा मान पॉल कॉर्न्यू यांच्या त्याच वर्षीच्या 13 नोव्हेंबरच्या प्रयोगाला दिलेला असतो. मात्र त्यांच्या यंत्राचे वजन चालकासह सुमारे 260 किग्रॅ., रोटर प्रत्येकी 6 मी. व्यासाचे दोन आणि एंजिन 24 अश्वशक्तीचे होते. वरील सिद्धांताने नुसती आदर्श शक्तीच 15 अश्वशक्तीच्या आसपास येते. मोठ्या चाकाच्या कडेला बसविलेल्या आखूड, वल्ह्यासारख्या पात्यांसाठी आदर्श व प्रत्यक्ष शक्तीचे गुणोत्तर 0.5 धरले, तरी एंजिनाची शक्ती अपुरी पडते. एंजिनाची शक्ती रोटरपर्यंत नेणाऱ्या पट्ट्यांमधील घर्षणव्यय निराळाच. जमिनीच्या सान्निध्यामुळे शक्तीची गरज काहीशी घटते, हे खरे. तरीही हेलिकॉप्टर वायुगतिकीचे अभ्यासक गॉर्डन लीशमन यांनी गणिताच्या आधारे या उड्डाणाविषयी घेतलेली शंका अधिक सयुक्तिक वाटते. फार तर क्षणिक उडी शक्य असावी.

ह्वान दे ला सिएर्वा यांच्या सी-4 ऑटोजायरोचे (जानेवारी 1923, नक्की दिवसाबाबत मतभेद) महत्त्व सहसा तोल साधण्यापुरते सांगितले जाते. पुढे जाताना एका बाजूच्या पात्याला समोरून जोराचा, तर दुसऱ्या बाजूच्या पात्याला मंद वारा मिळतो. पाते मुळाशी आडव्या बिजागरीवर वरखाली हलू दिल्याने दोन्ही बाजूंचे उत्थापन सारखे होते. पण पात्याला वाकविणारा भारही त्यामुळे नाभीपर्यंत (रोटरच्या मध्यभागापर्यंत) पोहोचत नाही आणि मूळ हलके ठेवता येते. भारघटीच्या दृष्टीने ही गोष्ट तितकीच मोलाची आहे.

लाकूड, पोलादी नळी व कापड यांच्यानंतर ॲल्युमिनियमची पाती आली. 1967 मध्ये उडालेल्या बीओ-105 या हेलिकॉप्टरमध्ये काचतंतूंची लवचिक पाती वापरून ही बिजागरीच काढून टाकली गेली. साच्यात घडविलेल्या अशा पात्याला मुळापासून टोकापर्यंत हवा तसा पीळ व छेद देता येतो. मुळाशी वेग कमी असल्याने तेथे कोन जास्त ठेवतात, म्हणजे खाली जाणारा झोत जवळपास एकसारखा होतो. वेस्टलँड लिंक्सच्या रुंद टोकांच्या पात्यांनी 1986 मध्ये ताशी 400 किमी.पेक्षा अधिक वेगाचा उच्चांक गाठला.

पाते हलके करण्याला मर्यादा आहे. 5 मी. लांबीच्या पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 200 मी. असला, तर तेथील 100 ग्रॅमचा तुकडा मुळाला 80 किग्रॅ. वजनाइतक्या जोराने ओढतो. तरीही काही अभिकल्पांत टोकाला मुद्दाम वजन घालतात. एंजिन बंद पडल्यावर फिरत्या रोटरमधील साठलेल्या ऊर्जेवरच शेवटच्या क्षणी सावकाश उतरावयाचे असते आणि फार हलका रोटर तेव्हा झटकन मंदावतो. भाराची मोठी बचत प्रत्यक्षात एंजिनात झाली, कारण टर्बाइन तेवढ्याच शक्तीच्या पिस्टन एंजिनापेक्षा पुष्कळ हलके असते. 1951 मध्ये टर्बाइनवर चालणारे पहिले हेलिकॉप्टर (कामन के-225) उडाले, तर 1955 मध्ये आलुएत-2 चे पहिले उड्डाण झाले.

टोकाची उदाहरणे दोन. मानवी पायांच्या बळावर चालणाऱ्या, सुमारे 55 किग्रॅ. वजनाच्या ‘ॲटलास’ने 13 जून 2013 रोजी 64 सेकंद हवेत राहून व 3.3 मी. उंची गाठून सिकॉर्स्की पारितोषिक मिळविले; त्याचे चारही रोटर प्रत्येकी 20 मी.हून मोठे असल्याने चालकासह दर चौ. मी.ला जेमतेम 100 ग्रॅम भार येई. पृथ्वीच्या सुमारे 1 टक्का घनतेच्या मंगळावरील हवेत 19 एप्रिल 2021 रोजी उडालेले ‘इंजेन्युइटी’ 1.8 किग्रॅ.चे होते. त्याच्या 1.2 मी. व्यासाच्या रोटरांना मिनिटाला सुमारे 2,400 फेऱ्या घ्याव्या लागत.

विद्युत् बहुरोटर विमानांत इंधनासारखी बॅटरी उड्डाणात हलकी होत नाही, त्यामुळे उतरतानाही शक्तीची गरज चढतानाच्या वजनानुसारच धरावी लागते.