कुत्र्यांचा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळं होणारा आजार) फक्त कोकण-मुंबईतच? नाही!

“लेप्टो पाऊसवाल्या कोकणाचा रोग, आपल्या कोरड्या मराठवाड्यात कुठला?” हे वर्षानुवर्षं ऐकतोय. खरं नाही ते. उंदीर, घुशी, रानडुकरं यांच्या लघवीतून हे जंतू पसरतात आणि साचल्या पाण्यात, ओल्या चिखलात आठवडेच्या आठवडे तग धरतात. आपल्याकडं शेततळी आहेत, उसाचे पाट आहेत. कुत्रं तिथंच लपलप पाणी पितं. पायात काटा मोडलेला असेल तर जंतू त्या जखमेतूनही शिरतात. मग ताप, उलट्या, डोळे हळदीसारखे पिवळे, मूत्रपिंडं निकामी. रेबीजची लस इथं कामाची नाही. लेप्टोची लस आवर्जून मागा: आधी दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, नंतर दरवर्षी. आणि आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हातानं पुसू नका. माणसालाही लागण होते.