पासाऊच्या पायी फेरीला येण्यापूर्वी: कोणत्या नदीच्या काठी भेटायचे?

बव्हेरियातील पासाऊ शहराच्या इतिहासाची पायी फेरी आम्ही मराठीतून घेतो. फेरी सुरू होण्याच्या वेळी ‘आम्ही नदीकाठी उभे आहोत, तुम्ही कुठे आहात?’ असा फोन आम्हाला वारंवार येतो. बहुतेक वेळा फोन करणारे कुटुंब इन नदीच्या काठी आणि आमचे मार्गदर्शक डॅन्यूबच्या काठी उभे असतात. मधल्या गल्ल्या चढउताराच्या असल्याने ज्येष्ठांना घेऊन इकडून तिकडे येण्यात सगळ्या गटाचा वेळ जातो, म्हणून हे पत्रक.

जुने शहर डॅन्यूब आणि इन यांच्यामधील चिंचोळ्या जमिनीवर वसलेले असून उत्तरेला डॅन्यूब व दक्षिणेला इन वाहते. समोरच्या टेकडीवर किल्ला दिसत असेल, तर आपण डॅन्यूबकाठी, म्हणजे योग्य बाजूला आहात. समोरच्या टेकडीवर मारियाहिल्फ हे तीर्थक्षेत्राचे चर्च दिसत असेल, तर आपण इनकाठी आहात. तेथून कृपया राटहाउसच्या, म्हणजे नगरभवनाच्या, चौकात यावे. आम्ही त्याच्या मनोऱ्यापाशी भेटतो.

‘तीन नद्यांच्या संगमावरच का भेटत नाही?’ असेही पुष्कळजण विचारतात. राटहाउसच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा नोंदलेल्या आहेत, आणि हे शहर समजून घेण्यासाठी त्याहून चांगली सुरुवात आम्हाला दिसत नाही. 3 जून 2013 रोजी येथे डॅन्यूबची पातळी 12.89 मीटरपर्यंत गेली होती. इतके पाणी 1501 नंतर प्रथमच चढले होते. तरीही लोक येथून हलले नाहीत, कारण ज्या नद्यांनी घरे बुडवली त्यांनीच शहराला श्रीमंतीही दिली.

ती श्रीमंती प्रामुख्याने मिठाची होती. आल्प्सच्या पायथ्याच्या हालाइनसारख्या खाणींमधील मीठ झाल्त्साख आणि पुढे इन नदीतून होड्यांनी पासाऊला येई व येथून जनावरांच्या पाठीवर लादून ‘सोनेरी वाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्गाने बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जाई. परतताना तांडे धान्य आणत. इनकाठचा पांढरा गोल बुरूज त्या व्यापाराची आठवण देतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियाच्या ड्यूकने मिठाचा व्यापार आपल्याकडे ओढला आणि शहराला मोठा फटका बसला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: त्या काळी पासाऊ बव्हेरियात नव्हते. 739 पासून येथे बिशपपीठ होते, आणि 1217 पासून 1803 पर्यंत बिशप हेच येथील राजे होते. डॅन्यूबपलीकडील ओबरहाउस किल्ला त्यांनी 1219 मध्ये बांधायला घेतला. नागरिकांनी स्वायत्ततेसाठी केलेले उठाव मोडताना तो त्यांच्या कामी आला. 1662 च्या आगीत शहर जळाले, आणि इटालियन कारागिरांनी ते नव्याने उभारले. कॅथेड्रलची पुनर्बांधणी 1668 पासून कार्लो लुरागो यांच्या आराखड्याने झाली. बव्हेरियात असूनही येथील गल्ल्या इटलीसारख्या का वाटतात, याचे उत्तर त्यात आहे.

संगम आम्ही शेवटी दाखवतो. इल्झ या तिसऱ्या नदीचे दलदलीतून आलेले काळसर पाणी, आल्प्सच्या बर्फाचे हिरवट इन आणि डॅन्यूब येथे एकत्र येतात. सरासरी पाहता इनचे पाणी डॅन्यूबपेक्षा अधिक असते, तरी पुढे नाव डॅन्यूबचेच चालते. मिठाची आणि पुरांची हकीकत ऐकल्यावर हे दृश्य निव्वळ छायाचित्रापुरते राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.

गटातील इतरांचा विचार करून आम्ही ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटेच थांबतो. उशीर झालेल्यांनी थेट कॅथेड्रलच्या चौकात यावे, तेथे आम्ही त्यांना सामील करून घेतो. नदीला पाणी चढले असल्यास काठाचा मार्ग बदलतो, फेरी रद्द होत नाही. मारियाहिल्फच्या 321 पायऱ्या नियमित फेरीत नाहीत. ज्यांना त्या चढायच्या आहेत अशा कुटुंबांसाठी आम्ही स्वतंत्र दीर्घ फेरी ठेवतो, तिची नोंदणी आदल्या दिवसापर्यंत करावी.