चेक स्वयंसेवेचा उगम १९८९ नंतरचा नव्हे
चेक प्रजासत्ताकात स्वयंसेवा १९८९ च्या सत्तांतरानंतर पाश्चात्त्य देशांतून आली, हा समज चुकीचा आहे. प्रागमध्ये ‘सोकोल’ ही व्यायामसंघटना १८६२ मध्ये, तर वेल्वारी येथे स्वयंसेवी अग्निशमन दल १८६४ मध्येच उभे राहिले होते. १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीने स्वायत्त संस्था मोडीत काढल्या किंवा ताब्यात घेतल्या आणि ‘अक्त्से झेट’ या मोहिमेखाली सुट्टीच्या दिवशी लोकांकडून बालवाड्या, पदपथ विनामोबदला बांधून घेतले. नकार देणे सोपे नसल्याने ‘स्वेच्छा’ अनेकदा नावापुरतीच उरली, आणि माझ्या मते खरे नुकसान झाले ते इथेच. १९८९ नंतर जुन्याच परंपरेला पुन्हा मोकळीक मिळाली, तर २००२ च्या कायद्याने मान्यताप्राप्त संस्थांमार्फत काम करणाऱ्या स्वयंसेवकांना विम्याचे संरक्षणही दिले.