अभंग ऐकून गुरू शोधणाऱ्या बहिणाबाई

गाण्यातली एखादी ओळ मनात रुतून बसते आणि आपण जगतो ते कशासाठी, असा प्रश्न समोर उभा करते. मराठी मुलखात अशा ओळींवर चिंतन करण्याची रीत निदान सातशे वर्षांची आहे. ती रुजली कीर्तनात.

वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रियांना आणि शूद्रांना नव्हता. अभंग मात्र बोलीभाषेतला, ओवीच्या वळणाचा, दोन-चारदा ऐकला की पाठ होणारा. नामदेवांनी (१२७०–१३५०) कीर्तनाला सर्वांपर्यंत नेलं आणि पोथी न वाचता आलेल्या माणसालाही मननासाठी शब्द मिळाले. दळताना, नांगरताना तो ते घोळवू शकत होता.

या शब्दांची ताकद मला सर्वांत जास्त दिसते ती संत बहिणाबाई शिऊरकर (१६२८–१७००) यांच्या चरित्रात. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा, ब्राह्मण घरातला. लहानपणीच वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी लग्न झालं. भाऊबंदकीमुळे घर सोडून हे कुटुंब भटकत कोल्हापूरला आलं. तिथे जयराम गोसावी कीर्तनात तुकोबांचे अभंग गात. ते शब्द या कोवळ्या वयाच्या मुलीने इतके मनावर घेतले की कधी न पाहिलेल्या तुकोबांचा तिला ध्यास लागला. स्वप्नात त्यांनीच मंत्र दिला, असं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावं, हे पतीला सोसेना. त्याने तिला मारहाण केली. तरी ती ढळली नाही. पुढे पतीचंही मन वळलं आणि दोघं देहूला गेली. आपला हा सगळा प्रवास बहिणाबाईंनी अभंगांतच सांगितला. ऐकलेल्या शब्दांवर विचार करता करता एक बाई स्वतः शब्दांची धनी झाली, ही गोष्ट मला कुठल्याही चमत्काराहून मोठी वाटते.

एकोणिसाव्या शतकात हे चिंतन छापील पुस्तकांत आणि शहरी सभागृहांतही आलं. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादित केलेली तुकोबांची गाथा सरकारी मदतीने १८६९ ते १८७३ या काळात छापली गेली. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर उपासनेच्या वेळी अभंगांचं विवेचन करत. रानड्यांना त्यांत विवेकाचा आणि एकेश्वरी भक्तीचा आधार सापडला. फडावरच्या, म्हणजे दिंडी-कीर्तनाच्या परंपरेतल्या, वारकऱ्याला त्याच अभंगात विठ्ठल भेटत होता. दोघांचं वाचन प्रामाणिक होतं, असंच मी म्हणेन.

१९१७ साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली आणि निरूपणाला रीतसर अभ्यासाची बैठक मिळाली. कीर्तनाच्या सेवेसाठी एकच अभंग घ्यायचा, त्याचा एकेक चरण उलगडायचा, इतर संतवचनांची प्रमाणं जोडायची आणि मध्ये टाळकऱ्यांनी चाल धरायची, ही पद्धत आजही तशीच चालू आहे. चार ओळींच्या अभंगावर दोन तास सहज जातात.