बॅटरी थकली की फोन मंद करायचा का? वादाची पार्श्वभूमी

बॅटरी ४० टक्के दिसतेय, फोटोसाठी कॅमेरा उघडला आणि फोन बंद. चार्जर लावला की पुन्हा जवळपास तेवढेच टक्के. २०१६ च्या अखेरीस आयफोन ६ आणि ६एस वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार होती.

त्यात टक्क्यांचा दोष नव्हता. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, वाढत जातो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं, थंडीत तर जास्तच, आणि आतले भाग वाचवायला फोन स्वतःच बंद पडतो. टाकीत पाणी आहे, पण पाइप गंजून अरुंद झालाय, तशातली गत.

जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयफोनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आयओएस १०.२.१, आणली. ६एसचं असं अचानक बंद पडणं ८० टक्क्यांनी कमी झालं, असं कंपनीने सांगितलं. कशामुळे, ते सांगितलं नाही. थकलेल्या बॅटरीवर प्रोसेसरला पूर्ण वेगाने धावू द्यायचं नाही, हा तो उपाय होता. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर तो चुकीचा म्हणवत नाही; बंद पडणाऱ्या फोनपेक्षा हळू चालणारा बरा.

बिंग फुटलं डिसेंबरात. बॅटरी बदलताच ६एस पुन्हा पळू लागल्याचा अनुभव एकाने मांडला आणि फोनचा वेग मोजून गुण देणाऱ्या गीकबेंच ॲपचे जॉन पूल यांनी हजारो फोनच्या चाचण्यांचे आलेख काढले. आधीच्या १०.२ आवृत्तीवरच्या ६एसचे गुण एकाच उंचवट्याभोवती जमलेले होते; १०.२.१ नंतर खालच्या गुणांवर वेगवेगळे टेंगूळ उगवले. नुसता जुनेपणा असा पायऱ्यापायऱ्यांनी येत नाही.

२० डिसेंबरला ॲपलची कबुली आली, २८ ला माफी. बॅटरी बदलण्याचा दर वर्षभरासाठी ७९ डॉलरवरून २९ डॉलर झाला. जानेवारी २०१९ मध्ये आयफोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचं सांगताना ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी इतर कारणांबरोबर या स्वस्त बॅटऱ्यांचंही नाव घेतलं! म्हणजे नवा फोन लांबवायला अनेकांना बॅटरीच पुरेशी होती. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दिसू लागली आणि हा वेगलगाम काढण्याची सोयही मिळाली. ती पहिल्याच दिवशी हवी होती.

पुढे दंड झाले. २०१८ मध्ये इटलीने ॲपलला १ कोटी युरोंचा आणि वेगळ्या प्रकरणात सॅमसंगलाही ५० लाखांचा दंड केला. २०२० मध्ये फ्रान्समध्ये ॲपलने २.५ कोटी युरो भरले. तिथला आक्षेप बोलका आहे: फोन मंद होऊ शकतो ही माहिती ग्राहकाला दिली नाही. अमेरिकेत त्याच वर्षी ग्राहकांच्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

जून २०२५ पासून युरोपीय संघात ८०० चार्जिंग चक्रांनंतरही (एक चक्र म्हणजे बॅटरीचा एक पूर्ण वापर आणि भरणं) फोनच्या बॅटरीत ८० टक्के क्षमता उरावी, असा नियम आहे. गुगलने आपल्या पिक्सेल ९ए फोनमध्ये वेगळीच वाट धरली: २०० चक्रांपासून १००० पर्यंत बॅटरीचं कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवायचं. हे कंपनीने उघड सांगितलंय. बंद करायचं बटण मात्र दिलेलं नाही.