लिस्बन ते जेनोआ: जहाजाने जाणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

क्रूझची चौकशी करायला येणारे बहुतेकजण आधी जहाजाबद्दल विचारतात. किती मजली, किती रेस्टॉरंट, पोहण्याचा तलाव आहे का? ही माहिती कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत असतेच. ती पुस्तिका जे सांगत नाही ते इथे वाचा: जहाज कोणत्या धक्क्याला लागते, तिथून जुने शहर किती लांब आहे आणि तुमच्या हातात तास किती उरतात. युरोपच्या किनाऱ्यावरची सहल पैसे वसूल होणारी की नुसती धावपळीची, हे त्यावर ठरते.

छापील कार्यक्रमात ‘रोम’ लिहिलेले असते, पण जहाज लागते चिव्हितावेक्कियाला. तिथून रोम सुमारे ७० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर, आणि ‘पॅरिस’ म्हणजे ले आव्र, जिथून पॅरिस जवळजवळ २०० किलोमीटर आहे. दिवसातले चार-पाच तास बसमध्येच जातात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही लिस्बन, काडिझ, मालागा, कार्ताहेना, बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ असा मार्ग सुचवतो. कंपनीप्रमाणे एखादे बंदर बदलते, क्रम उलटा होतो. पण यातल्या बहुतेक ठिकाणी जहाजातून उतरले की शहर जवळच असते.

लिस्बन

जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच पोहोचा. मुंबईहून जाताना बहुधा वाटेत विमान बदलावे लागते आणि एखादी बॅग मागे राहते. जहाज बॅगेसाठी थांबत नाही, प्रवाशासाठीही नाही.

क्रूझचा धक्का आल्फामा या जुन्या वस्तीच्या उताराखालीच आहे. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा सखल भाग जमीनदोस्त झाला, तो पुढे सरळ रस्ते आखून नव्याने बांधला. आल्फामा बरीचशी वाचली, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून वाकड्यातिकड्या आहेत. चढ दमवणारा आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर टॅक्सीने वर जा आणि पायी उतरत या.

आदल्या दिवसाचा उरलेला वेळ बेलेमला द्या. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजे इथूनच निघाली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात कालिकतला पोहोचली. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरताच त्याचे दगडी थडगे आहे. तो वारला कोचीनला, १५२४ मध्ये. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. त्याने दाखवलेल्या वाटेने आलेल्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १९६१ पर्यंत सोडला नाही. त्या थडग्यापुढे उभे राहून काय वाटायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. मठ सोमवारी बंद असतो. जवळच १८३७ पासून चालणारे पेस्ट्रीचे दुकान आहे; तिथल्या प्रसिद्ध कस्टर्ड टार्टमध्ये अंडे असते.

जहाज निघताना केबिनमध्ये बसू नका. वरच्या डेकवर उजव्या बाजूला जागा धरा. आधी नदीकाठचा मोठा चौक मागे पडतो, मग १९६६ सालचा लाल झुलता पूल येतो. त्याच्या रस्त्यात लोखंडी जाळी बसवलेली आहे, त्यामुळे खालून जाताना वरच्या गाड्यांचा एकसारखा घूं घूं आवाज ऐकू येतो. पूल ओलांडला की मठ आणि बेलेमचा बुरूज दिसतो. जेवणाची पहिली पाळी चुकली तरी हे चुकवू नका.

लिस्बननंतर घड्याळ एक तास पुढे जाते, कारण पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे आहे. मोबाइल कधी वेळ बदलतो, कधी नाही. मनगटावर साधे घड्याळ बांधा आणि जहाजावर जी वेळ जाहीर होईल तीच खरी माना.

काडिझ आणि पुढे

काडिझला धक्का ओलांडला की जुने गाव सुरू. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेल्या या शहराच्या जवळजवळ चहूबाजूंना समुद्र आहे. कोलंबसची दुसरी आणि चौथी सफर इथून निघाली. १७१७ मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचे मुख्य कार्यालय सेव्हिलहून इथे आले आणि पैसा वाहू लागला. व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे चढवले, ते आपले जहाज क्षितिजावर कधी दिसते हे पाहायला. त्यातले कितीतरी अजून उभे आहेत. तोर्रे ताविरा या मनोऱ्यावर चढा. तिथे अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंग लावून बाहेरचे शहर पांढऱ्या तबकडीवर उमटवतात. दोरीवर वाळणारे कपडे हललेले सुद्धा दिसतात.

अनेकजण काडिझला उतरून १२० किलोमीटरवरच्या सेव्हिलला पळतात. जहाज दहा तास थांबणार असेल तर जरूर जा, नाहीतर आमच्या मते काडिझ सोडू नका.

मालागाहून ग्रॅनडाचा अल्हाम्ब्रा हा किल्ला-राजवाडा पाहायचा असेल तर आम्हाला बुकिंगच्या वेळीच सांगा. तिकीट पासपोर्टवरच्या नावाने निघते, आतल्या राजवाड्याची वेळ ठरलेली असते आणि ऐनवेळी काही मिळत नाही. कार्ताहेनाचे रोमन नाट्यगृह १९८८ मध्ये सापडले, तोवर त्यावर वस्ती होती. धक्क्यापासून चालत जाता येते. बार्सिलोनाबद्दल एकच सूचना: रांब्ला रस्त्यावर पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत.

मार्सेय

मराठी प्रवासी या बंदराला मार्सेलिस म्हणतात आणि कशासाठी विचारतात, ते आम्हाला ठाऊक आहे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ जहाजाच्या शौचकूपाच्या खिडकीतून इथेच उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि धावत सुटले. फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना पुन्हा जहाजावरच्या पहाऱ्याच्या हवाली केले. फ्रेंच भूमीवरचा माणूस असा परत देता येतो का, हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. लिस्बनहून वास्को द गामा निघाला ती तारीखही ८ जुलैच, हा निव्वळ योगायोग.

त्या काळी मुंबईहून विलायतेला जाणारे कित्येक प्रवासी इथेच उतरून रेल्वे धरत, म्हणजे जिब्राल्टरचा वळसा वाचे. आजच्या क्रूझचा धक्का मात्र शहरापासून बराच लांब, गोदामांच्या पट्ट्यात आहे. चालत जाण्याचा विचार करू नका. शटल बस घ्या. जुने बंदर आणि टेकडीवरचे नोत्र दाम द ला गार्द चर्च एवढे पाहिले तरी दिवस भरतो.

जेनोआत जहाज पुन्हा शहराच्या दारातच लागते. इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी, ज्याच्या आत्मचरित्राचा सावरकरांनी मराठीत अनुवाद केला, त्याचे जन्मघर इथे आहे आणि त्यात संग्रहालय आहे. शाकाहाऱ्यांची इथे चैन: फारिनाता म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढेच, भट्टीत भाजलेले. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा सख्खा भाऊ.

जहाजावर

भाड्यात केबिन, मुख्य जेवण आणि बंदर शुल्क धरलेले असते. रोजची टिप, मद्य, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुधा वेगळ्या. जहाजाची सहल महाग पडते, पण तिची बस उशिरा आली तर जहाज थांबते. स्वतः फिरायला गेलात तर निघण्याच्या वेळेआधी निदान तासभर धक्क्यावर या.

शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगसोबत लेखी कळवावे लागते. इस्त्री आणि किटली केबिनमध्ये चालत नाही, आगीच्या भीतीने काढून घेतात. चिवडा, बाकरवडी न्या. पेढे, बर्फी नको, कारण दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर उपग्रहाच्या रोमिंगचे बिल डोळे पांढरे करते. लिस्बन ते काडिझ अटलांटिक असतो, लाट मोठी असू शकते. बोट लागत असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागा आणि डॉक्टरांना विचारून गोळ्या ठेवा.

व्हिसा आणि पैसे

या मार्गात सर्वाधिक दिवस स्पेनमध्ये जातात, म्हणून शेंगेन व्हिसाचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) अर्ज स्पेनकडे. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत, तेव्हा लवकर हालचाल करा. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी वैध असावा. एखादे जहाज वाटेत मोरोक्कोत टँजियरला थांबते. मोरोक्को शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे तिथले नियम वेगळे, आणि एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा तिथेच संपतो. अशा वेळी आम्ही अनेक प्रवेशांचाच अर्ज भरतो.

सहलीच्या रकमेवर त्या वेळच्या दराने टीसीएस, म्हणजे आम्ही तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ कर, लागतो. तो तुमच्या आयकरात जमा दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. कार्यालयात येताना सर्वांचे पासपोर्ट आणा. आधी शेंगेन व्हिसा मिळाला असेल तर जुना पासपोर्टही आणा, कारण ५९ महिन्यांच्या आत दिलेले बोटांचे ठसे बहुतेक वेळा पुन्हा द्यावे लागत नाहीत.