ब्रिक गेम (कोकण किनारपट्टीच्या संदर्भात)

ब्रिक गेम : पेन्सिल सेलवर चालणारा, करड्या पडद्याचा, तळहातावर मावणारा खेळ-संच. वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरणे हा त्यातला मुख्य खेळ, म्हणून हे नाव. पण कोकणात ते क्वचितच ऐकू येते. इथे तो ‘व्हिडिओ गेम’, आणि घरात एकच असल्यामुळे बहुधा नुसता ‘गेम’. १९९०च्या दशकात तो रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत आला तो दोन वाटांनी : गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतून आणि जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानातून. आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा काय किंवा महाशिवरात्रीची कुणकेश्वरची यात्रा काय, दोन्ही हिवाळा सरता सरता, कोरड्या हवेत भरतात. त्या हवेत घेतलेला संच मे अखेरपर्यंत बिनतक्रार चालतो. त्याची खरी परीक्षा मृगाचा पाऊस लागल्यावर सुरू होते, आणि त्याच्या रचनेतले गुणदोष तिथेच नीट दिसतात.

घराणे

ठोकळ्यांचा मूळ खेळ, टेट्रिस, अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोला सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात रचला. ज्या एलेक्ट्रोनिका-६० यंत्रावर तो पहिल्यांदा चालला त्याला चित्रे काढताच येत नव्हती. ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवावे लागत. थोडक्यात, हा खेळ जन्मापासूनच गरिबीत राहायला शिकलेला.

हातातल्या संचांना वळण लावले ते निन्टेन्डोच्या गेम बॉयने (जपान, २१ एप्रिल १९८९). त्याच्या मागचे डोके गुनपेई योकोई यांचे. पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके, हिरवट काचेवर चारच छटा, मागे दिवा नाही, खाली चार पेन्सिल सेल. त्याच वर्षीचा अटारी लिंक्स आणि १९९० मधला सेगा गेम गिअर रंगीत आणि आतून उजळणाऱ्या पडद्याचे होते. दोघांनाही सहा सेल लागत, आणि गेम गिअर ते तीन ते पाच तासांत संपवी. गेम बॉय चार सेलांवर पंधरा तासांच्या आसपास चाले. बाजारात टिकला तो गेम बॉय, हे सर्वांना ठाऊक आहे. योकोई यांचे म्हणणे असे की स्वस्त, जुने झालेले, खोडी कळून चुकलेले तंत्र घ्यावे आणि ते नव्या कामाला जुंपावे. लोणचे मुरल्यावर काढावे, तसे.

ब्रिक गेम म्हणजे याच विचाराचे अगदी शेवटचे टोक. त्याला नाव नाही, कंपनी नाही, वॉरंटी तर नाहीच. एकाच साच्यातले संच वेगवेगळ्या खोक्यांत घालून विकले गेले.

आत काय असते

पाठीचे स्क्रू काढून झाकण उचलले की निराशा होते, इतके आत कमी असते. एक बोर्ड, त्यावर काळ्या डिंकाच्या थेंबासारखा वाळलेला ठिपका, एक पत्र्याची चकती (तोच आवाज काढते), रबरी बटणांची चादर आणि काच. काळ्या ठिपक्याखाली चिप असते. तैवानच्या होल्टेक कंपनीच्या ४ बिटी चिपा अशा कित्येक संचांत सापडल्या आहेत.

पडद्यावर १० रुंद आणि २० उंच असे २०० चौकोन काचेतच छापलेले असतात. चिप फक्त ठरवते की यातले कोणते काळे करायचे. गुण, वेग, पातळी आणि पुढचा ठोकळा यांसाठी कडेला वेगळी जागा. सगळे चौकोनांतच सांगायचे असल्याने चित्रकला फार काटकसरीची आहे. शर्यतीतली गाडी सात चौकोनांची : वर एक, त्याखाली तीन, मग एक, आणि तळाला मध्ये फट सोडून दोन. ही गाडी नसून हात पसरून धावणारा माणूस आहे असे मानणारी मुले प्रत्येक वाडीत असतात, आणि चौकोनांकडे पाहिले तर त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

खोक्यावर ‘९९९९ इन १’ लिहिलेले असे. प्रत्यक्षात खेळ मोजून डझनभर : ठोकळे, गाडी, साप, रणगाडे, बेडूक, विटा फोडणे आणि असेच काही. वेग बदलला, सुरुवातीला चार ओळी आधीच भरलेल्या दिल्या की तो नवा खेळ म्हणून मोजायचा. ही फसवणूकच, पण ९९९९ पर्यंत जाऊन खातरजमा करायला कोणाची सुट्टी पुरणार?

उजेड आणि सेल

पडद्यामागे दिवा नाही हा या संचाचा सगळ्यात ठळक दोष मानला जातो. जत्रेत दुकानदार तो बल्बखाली धरून दाखवतो. घरी आल्यावर संध्याकाळी वीज गेली की काच नुसती राखाडी. कंदिलाच्या उजेडात खेळायचे तर काच विशिष्ट कोनात तिरकी करावी लागते आणि त्या कोनात मान अवघडते. दशावतार पाहायला गेलेल्या मुलाने रात्री गेम बरोबर नेण्यात काही अर्थ नसतो.

पण हाच दोष सकाळी उलटतो. हा पडदा स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरचा प्रकाश परतवतो. म्हणून ऊन जितके लख्ख तितके चौकोन जास्त काळे. एप्रिलच्या सकाळी सारवलेल्या खळ्यात मोबाइलचा पडदा हाताने आडोसा केल्याशिवाय वाचता येत नाही, तिथे ब्रिक गेम लांबून दिसतो. त्यामुळे खेळणारा एक आणि त्याच्या खांद्यावरून पाहणारे चार अशी बैठक जमते. ‘माका एक डाव दी’ हे त्या बैठकीचे पालुपद. एका संचावर एकाच वेळी एकानेच खेळायचे, ही उणीव या बैठकीत फारशी उरत नाही.

दिवा नसल्याने वीज इतकी थोडी लागते की दोन किंवा तीन सेलांवर महिनोन् महिने भागते. सेल दुबळे झाले की पडदा पुसट होतो, आवाज रडका होतो, मग सेल काढून उन्हात ठेवायचे. हा निव्वळ समज नाही. जस्त-कार्बन सेल विश्रांती मिळाल्यावर थोडा सावरतो, आणि उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जोर धरते. तासा-दोन तासांचा खेळ त्यातून खरोखर निघतो. मात्र सेलांबरोबर गेमही उन्हात विसरला तर वेगळेच घडते. ठरावीक तापमानाच्या वर काचेतला द्रव आपला गुण सोडतो आणि सगळा पडदा काळा पडतो. सावलीत निवला की पूर्ववत होतो. त्या वेळात घरातल्या लहानग्याने रडून गोंधळ घातलेला असतो.

ओल आणि मीठ

कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण ब्रिक गेमला मारतो तो पाऊस नव्हे, हवा. साधे मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइडही असते आणि ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलावा धरते. किनाऱ्यावरच्या गावात खाऱ्या वाऱ्याबरोबर प्रत्येक वस्तूवर मिठाचा पातळ थर बसतो. पावसाळ्यात तो सतत ओला असतो, आणि ओले मीठ वीज वाहून नेते. स्वयंपाकघरातले मिठाचे भांडे जुलैत पाझरते. गेमच्या बोर्डवर तेच घडते, फक्त दिसत नाही.

या हल्ल्यात सर्वांत आधी पडतो तो झेब्रा पट्टीचा सांधा. बोर्ड आणि काच यांच्यामध्ये रबराची एक पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यात वीजवाहक आणि वीजरोधक थर एकाआड एक, म्हणून झेब्रा. सोल्डरचा डाग नाही, तार नाही, निव्वळ दाब. स्वस्तात काच जोडण्याची ही सुंदर युक्ती आहे, आणि किनाऱ्यावर तीच मुळावर येते. दाब जरा ढिला झाला किंवा पट्टीखाली ओल-धूळ शिरली की चौकोनांचा एक पट्टाच नाहीसा होतो. ठोकळा खाली येतो, मधेच अदृश्य होतो आणि पुन्हा उगवतो. सराईत खेळाडू तो पट्टा मनाने भरून खेळत राहतात. कोपऱ्यावर अंगठ्याने दाबले की पट्टा परत येतो, म्हणून जुन्या संचांच्या काचेच्या डाव्या-उजव्या कडेला अंगठ्याचे घासलेले डाग दिसतात.

दुसरी जागा बटणांची. रबरी बटणाच्या पोटाला कार्बनची काळी टिकली असते, ती बोर्डवरच्या जाळीला टेकली की बटण दाबले गेले. पडवीत खेळणाऱ्यांच्या गेममध्ये जांभ्याची तांबडी धूळ बटणांच्या फटींतून आत उतरते आणि ओल लागली की तिचा लेप होतो. सगळ्यांत जास्त सोसावे लागते ते ठोकळा फिरवण्याच्या मोठ्या बटणाला. ते उजवीकडे एकच असते, त्यामुळे डावखुऱ्या मुलांचे कायम हाल. ही गोष्ट साचा करणाऱ्याच्या ध्यानातही आली नसावी.

तिसरी जागा सेलांची. जस्त-कार्बन सेलाचे जस्ताचे भांडे वापराबरोबर पातळ होत जाते आणि शेवटी पाझरते. आतला आम्लधर्मी रस स्प्रिंगवर आला की आधी पांढरी बुरशी दिसते, मग गंज. घरोघरी यावर लिंबू घासतात. खरे तर लिंबू अल्कलाइन सेलांच्या गळतीवर योग्य. जस्त-कार्बनची गळती आधीच आम्ल असते, तिला ओल्या फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा हवा. प्रस्तुत लेखकाने एकदा आमसुलाने स्प्रिंग घासली होती, पितळेचा तांब्या घासतात त्या हिशेबाने. ती दोन दिवस छान चकाकली आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा लाल झाली, कारण वरचा निकेलचा मुलामाही घासून गेला होता.

या सगळ्यात एकच भाग अभेद्य राहतो, तो काळा ठिपका. चिप त्याच्याखाली पूर्ण बुजलेली असल्याने ओल तिच्यापर्यंत सहसा जात नाही. ती बिघडली तर दुरुस्ती अशक्य, हा दोष. पण ती बहुधा बिघडतच नाही. कोकणात मेलेले म्हणून टाकलेले बहुतेक ब्रिक गेम बुद्धी शाबूत असताना हातपाय गेलेले असतात.

दुरुस्ती

त्यामुळे दुरुस्ती सोपी आहे. झाकण उघडावे, झेब्रा पट्टी काढून तिच्या कडा आणि बोर्डवरच्या पट्ट्या स्पिरिटने पुसाव्यात, बटणांची जाळी खोडरबराने हलकेच घासावी, पूर्ण वाळल्यावर स्क्रू सारख्या दाबाने आवळावेत. एकच स्क्रू जास्त पिळला तर पट्ट्याचा दोष दुसऱ्या कडेला जातो. बाजारपेठेतल्या रेडिओ-टीव्हीवाल्याला हे काम देता येते, पण तो गेमची किंमत विचारतो आणि मग हसतो.

ओला झालेला गेम तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय हल्ली सर्वत्र सांगितला जातो. जुलैतला कोकणातला तांदूळ स्वतःच ओल धरून असतो; त्यापेक्षा चुलीजवळची ती फळी बरी, जिच्यावर आमसुले आणि सुकी मासळी ठेवतात. वास सहन करावा लागतो.

नंतरचे संच

२०१७ मधला निन्टेन्डो स्विच आणि २०२२ मधला स्टीम डेक हे पूर्ण वेगळ्या ताकदीचे, तरी किनाऱ्यावरचा प्रश्न तोच : हवा आत कुठून जाते? दोघांतही गरम चिप थंड ठेवायला पंखा आहे. पंखा म्हणजे खारी हवा आत ओढून बोर्डवरून फिरवण्याची कायमची सोय. अंगठ्याने दिशा देण्याच्या कांडीसारख्या दांड्यांच्या खाली कार्बनच्या पट्टीवर घासणारा स्पर्शक असतो. तो झिजला, मळला की बोट न लावताही पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला सरकत जातो. स्विचच्या जॉय-कॉनची (दोन्ही कडांच्या सुट्या होणाऱ्या मुठींची) ही खोड इतकी गाजली की निन्टेन्डोच्या अध्यक्षांना २०२० मध्ये त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. चुंबकाने दिशा ओळखणाऱ्या हॉल प्रकारच्या दांड्यांत घासणे नसल्याने त्या जास्त टिकतात. स्टीम डेकचे भाग सुटे मिळतात आणि घरी बदलता येतात, हे त्याचे मोठे बळ. बंद बॅटरीचा मुद्दा मात्र राहतोच : पेन्सिल सेल वाडीतल्या कुठल्याही दुकानात मिळतो.

सर्वोच्च गुण

बहुतेक ब्रिक गेममध्ये सर्वोच्च गुणांचा आकडा सेल आत असेपर्यंतच टिकतो. बटणाने बंद केला तरी चिप तो आकडा धरून बसते. सेल निघाले की शून्य. इथे या संचाच्या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. गळती टाळायची तर पावसाळ्याआधी सेल काढलेच पाहिजेत, आणि सेल काढले की मे महिन्याची सगळी कमाई गेली. लेखकाच्या घरी यावर तोडगा असा होता की सात जूनला मोठ्या भावाने सर्वांदेखत आकडा वाचायचा, धाकट्याने तो दिनदर्शिकेच्या मागे पेन्सिलने लिहायचा, आणि मगच आईने सेल काढून हातातल्या बॅटरीत (टॉर्चमध्ये) घालायचे.